अमेथिस्ट : खूण आणि कारण



मागच्या महिन्यातलं व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरायचं काम चाललं होतं, तेव्हा एक ताई आमच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. नेहमी येतात, मागच्या ओळीत बसतात, कधी काही विचारत नाहीत. त्यांनी पर्समधून एक लहानशी डबी काढली. डबीत चांदीची अंगठी आणि अंगठीत जांभळा खडा. म्हणाल्या, ‘‘सर, मुलासाठी घेतलीय. १८,००० पडले. दुकानदार म्हणाला, हा खडा बोटात असला की दारू सुटते, पार ग्रीक लोकांपासून चालत आलंय हे. तुम्ही ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायचात ना? खरं आहे का हो?’’

आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. ‘पुढच्या वेळी यावरच बोलतो’ असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. प्राध्यापकाची ही जुनी खोड. उत्तर सुचले नाही की विषय पुढच्या तासावर ढकलायचा. पण शब्द दिला होता, म्हणून आजचा विषय हा जांभळा खडा. ताईंची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेऊनच आम्ही हे सांगतो आहोत. नावे अर्थातच घेणार नाही.

आता बघा, ताईंच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ‘ग्रीकांपासून चालत आलंय’ हे खरं का, हा एक. तो इतिहासाचा. ‘बोटात असला की दारू सुटते’ हे खरं का, हा दुसरा. तो कार्यकारणाचा, म्हणजे तर्कशास्त्राचा. दुकानदार पहिल्याचे उत्तर देतो आणि दुसऱ्याचेही मिळाले असे आपल्याला वाटते. गफलत नेमकी तिथे होते. म्हणून आपण दोन्ही प्रश्न वेगवेगळे घेऊ.

त्याआधी, हा दगड आहे तरी काय?

गारगोटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आमच्या लहानपणी दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून उजेड पाडायचा उद्योग आम्ही तासन्‌तास करत असू. अमेथिस्ट म्हणजे हीच गारगोटी. रसायनशास्त्राच्या भाषेत सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे क्वार्ट्झ. काठिण्याच्या मोजपट्टीवर ७. स्वच्छ, रंगहीन असेल तर आपण त्याला स्फटिक म्हणतो. जांभळा असेल तर अमेथिस्ट.

मग हा जांभळा रंग येतो कुठून? लोखंडापासून. स्फटिक वाढत असताना कुठे कुठे सिलिकॉनच्या अणूची जागा लोखंडाचा अणू घेतो. प्रमाण अगदी नगण्य. पण तेवढ्याने भागत नाही. भोवतालच्या खडकांत किरणोत्सारी द्रव्याचा अल्पसा अंश असतो. त्यातून निघणारे गॅमा किरण लाखो वर्षे त्या स्फटिकावर पडत राहतात आणि लोखंडाच्या अणूची विद्युत्‌स्थिती बदलते. मग तो स्फटिक प्रकाशातला पिवळा-हिरवा भाग शोषून घेतो, आणि उरलेला जो आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो तो जांभळा. चिमूटभर लोखंड आणि भरपूर काळ, एवढीच सामग्री.

हा रंग कायमचा नाही, हेही लक्षात ठेवा. दीर्घकाळ कडक उन्हात ठेवला तर तो फिकट होऊ शकतो. भट्टीत चारशे-साडेचारशे अंशांपर्यंत तापवला तर बहुधा पिवळा किंवा तपकिरी होतो. बाजारात ‘सिट्रीन’ किंवा ‘सुनेला’ म्हणून जो पिवळा खडा मिळतो, त्यातला बराचसा माल हा तापवलेला अमेथिस्टच असतो. ही गोष्ट मनात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

सापडतो कुठे? पुष्कळ ठिकाणी. ब्राझीलच्या दक्षिण भागात आणि शेजारच्या उरुग्वेमध्ये सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांच्या आतल्या भिंतींवर खनिजयुक्त पाण्यातून हे स्फटिक वाढले. माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या पोकळ्याही तिथे निघाल्या आहेत. आणि असाच लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आत्ता आपल्या पायाखाली आहे. आपले दख्खनचे पठार. विहीर खणताना, खडीच्या खाणीत, आपल्याकडेही काळ्या पाषाणाच्या पोकळीत स्फटिक निघतात, आणि जळगावकडच्या भागात अमेथिस्टही निघतो. सिन्नरला खनिजांचे एक सुरेख संग्रहालय आहे, त्याचे नावच ‘गारगोटी’. गेला नसाल तर जाऊन या.

तर दगड हा असा. आता नाव.

‘अमेथिस्ट’ हा शब्द ग्रीक ‘अमेथिस्टोस’वरून आला. ‘मेथी’ म्हणजे ग्रीकांची द्राक्षाची दारू. आपल्या भाजीचा याच्याशी संबंध नाही! ‘मेथिओ’ म्हणजे मी झिंगतो. आरंभीचा ‘अ’ आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्त’मधला ‘अ’ आहे तसाच, नकाराचा. म्हणजे अमेथिस्टोस याचा अर्थ ‘न झिंगलेला’, ‘शुद्धीवर असलेला’. आणि गंमत अशी की हा ‘मेथी’ आणि आपला संस्कृत ‘मधु’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. इंग्रजांची मधापासून केलेली दारू, ‘मीड’, हीसुद्धा त्याच घराण्यातली. आपला ‘मद्य’ मात्र ‘मद्’ या वेगळ्या धातूपासून आला, त्याची यात गल्लत करू नका.

आपल्या बाजारात या खड्याला काय म्हणतात? ‘जमुनिया’ किंवा ‘कटेला’. जमुनिया हे जामुनवरून, आणि आपला ‘जांभळा’ हा रंगाचा शब्दच जांभळावरून. एकच रंग. ग्रीक माणसाने पाहिला तेव्हा त्याला पेल्यातली द्राक्षाची दारू आठवली, आपल्या माणसाला झाडावरची जांभळं आठवली. ज्याच्या अंगणात जे होतं ते त्याने दगडात पाहिलं. विचार करून पाहा, ग्रीकांच्या देशात द्राक्षांऐवजी जांभळं पिकली असती, तर आज ताईंना कोणी म्हणालं असतं का, की याने दारू सुटते?

हे नुसते तर्कट नाही, इतिहासात याला पुरावा आहे. ग्रीकांच्या खूप आधी हा दगड इजिप्तच्या लोकांनी खणून काढला होता. आस्वान शहराच्या आग्नेयेला वाळवंटात वादी एल-हुदी नावाची जागा आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी तिथे राजाच्या मोहिमा जात, आणि तिथल्या खडकांवर त्यांनी कोरून ठेवलेले लेख आजही आहेत. या अमेथिस्टचे मणी करून राजघराण्यातल्या स्त्रिया गळ्यात घालत. त्या खाणींवरच्या लेखांत हाथोर या देवीला ‘अमेथिस्टची स्वामिनी’ म्हटले आहे. आणि ही हाथोर कोण? संगीताची, आनंदाची आणि मद्याच्या धुंदीची देवी! तिच्या उत्सवात लोक भक्तिभावाने पिऊन झिंगत असत. म्हणजे एका देशात जो दगड शुद्धीचा, तोच दुसऱ्या देशात धुंदीच्या देवीचा. दगडाच्या अंगातच शुद्धीवर ठेवण्याचा गुण असता, तर इजिप्तच्या लोकांना एवढ्या शतकांत तो कळला नसता का?

आता ग्रीक आणि रोमन लोकांकडे येऊ, कारण दुकानदाराने त्यांची साक्ष काढली आहे. अमेथिस्ट जवळ असला की दारू चढत नाही, असा समज त्यांच्यात होता, हे खरे. दुकानदार इथपर्यंत बरोबर आहे. पण त्याच लोकांतले जाणते काय म्हणत होते, ते तो सांगत नाही.

प्लुटार्क हा ग्रीक लेखक इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. मेजवानीच्या वेळी चालणाऱ्या गप्पांवर त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हा विषय निघतो आणि खुलासा येतो तो असा, की नावावरून लोकांचा गैरसमज झालेला आहे. ग्रीक लोक दारूत पाणी घालून पीत, निर्जळ पिणे रानटीपणाचे समजत. अमेथिस्टचा रंग त्या पाणी घातलेल्या, न चढणाऱ्या दारूसारखा, म्हणून त्याचे हे नाव. त्याच्याही थोडे आधी, इसवी सन ७७ च्या सुमारास, रोममध्ये प्लिनीने आपला निसर्गविषयक प्रचंड ग्रंथ पुरा केला. त्याचा ३७ वा, शेवटचा भाग रत्नांवर आहे. अमेथिस्टमध्ये भारतातला सर्वांत उत्तम, असे तो सांगतो. ऐकून बरे वाटते, नाही का? पण पुढे तो म्हणतो की हा खडा दारू चढू देत नाही ही मांत्रिकांची थाप आहे. तेच मांत्रिक आणखी सांगत, की यावर सूर्यचंद्रांची नावे कोरून, वानराचे केस आणि पाकोळीची पिसे लावून गळ्यात बांधला तर करणी लागत नाही, गारपीट आणि टोळधाडसुद्धा टळते. प्लिनीचा शेरा असा, की हे सगळे लिहिताना त्या लोकांच्या मनात माणसांविषयी तुच्छताच असली पाहिजे. प्लिनी काही आजच्यासारखा वैज्ञानिक नव्हता, पुष्कळ भाकडकथा त्यानेही खऱ्या मानल्या. पण ही मानली नाही.

म्हणजे ‘ग्रीकांपासून चालत आलंय’ याचे पूर्ण उत्तर असे, की समजही तेव्हापासून आहे आणि त्या समजावरचा अविश्वासही तेव्हापासून आहे. आपल्यापर्यंत पोचवताना विक्रेत्याने अर्धेच पोचवले.

आणि ती गोष्ट? तुम्ही इंटरनेटवर वाचली असेल. दारूचा देव बाकस किंवा डायोनिसस एका सुंदर मुलीच्या मागे लागतो, तिचे नाव अमेथिस्ट. ती डायना देवीचा धावा करते, देवी तिला पांढऱ्या दगडाची करून टाकते. पस्तावलेला देव त्या दगडावर आपल्या पेल्यातली दारू ओततो आणि दगड जांभळा होतो. सगळीकडे ही ‘प्राचीन ग्रीक दंतकथा’ म्हणून सांगितली जाते. आम्हीही एके काळी वर्गात तशीच सांगितली आहे, कबूल करतो. पण ती प्राचीनही नाही आणि ग्रीकही नाही. रेमी बेलो नावाच्या फ्रेंच कवीने १५७६ मध्ये रत्नांवरच्या कवितांचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही कथा त्याने रचली. प्राचीन साहित्यात जे सापडते ते वेगळे आहे. पाचव्या शतकातल्या नॉनस या कवीच्या महाकाव्यात रिया देवी डायोनिससला अमेथिस्ट देते, तो त्याला मद्याच्या उन्मादापासून जपावा म्हणून. त्यात मुलगी नाही, पाठलाग नाही. इकडे १५७६ म्हणजे आपल्याकडे एकनाथमहाराजांचा काळ. तेव्हाची एक कविता आज दोन हजार वर्षांपूर्वीची साक्ष म्हणून पुढे केली जाते. ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द ऐकले की तारीख विचारावी, एवढा धडा यातून घ्या.

पण मित्रहो, आम्हाला फक्त थापा मोजायच्या नाहीत. या दगडाच्या इतिहासात दुसरीही एक धार आहे, आणि ती आम्हाला मोलाची वाटते.

ग्रीक कवितांच्या एका जुन्या संग्रहात क्लिओपात्रा नावाच्या राणीच्या अंगठीवरची एक चिमुकली कविता आहे. अंगठीत अमेथिस्ट, आणि त्यावर कोरलेली आकृती कोणाची, तर धुंदीच्या देवीची. शुद्धीचा दगड आणि त्यावर धुंदीची मूर्ती. कवीने तो विरोध पकडला आहे आणि सुचवले आहे की राणीच्या हातात असताना धुंदीनेसुद्धा भान राखले पाहिजे. इथे दगड काही करत नाही. तो बोटातून राणीला काहीतरी आठवण करून देतो. औषध वेगळे आणि आठवण वेगळी, हा फरक नीट ध्यानात घ्या.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतही असेच झाले. बायबलच्या जुन्या करारात मुख्य पुरोहिताच्या उरपदकावर बारा रत्ने सांगितली आहेत, इस्राएलच्या बारा वंशांची. त्यातल्या तिसऱ्या ओळीत ‘अहलामा’ नावाचे रत्न आहे. ज्यू विद्वानांनी त्या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर केले तेव्हा तिथे ‘अमेथिस्टोस’ हा शब्द घातला. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकात स्वर्गीय नगरीच्या तटाचे बारा पाये रत्नांचे आहेत, त्यातला बारावा अमेथिस्टचा. पुढे युरोपात बिशपांच्या अंगठीत हा खडा बसवण्याची प्रथा पडली. ज्याच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्याने शुद्धीवर राहावे, अधिकाराची, मानाची नशा चढू देऊ नये, असा त्याचा अर्थ सांगतात. नशा शब्दाचा अर्थ इथे किती रुंदावला बघा.

अर्थात जांभळ्या रंगाला मान होता तो महाग असल्यामुळेही. प्राचीन भूमध्य समुद्राच्या काठी जांभळा रंग शंखातल्या गोगलगायींपासून काढीत. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने तो काढून पाहिला, तेव्हा १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंग निघाला. असा रंग कोण वापरणार? सम्राट आणि त्यांचे आप्त. मग १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा कोयनेल बनवायला गेला आणि हाती लागला कृत्रिम जांभळा रंग. कापड स्वस्त झाले. त्याच शतकात ब्राझील-उरुग्वेच्या खाणी सुरू झाल्या आणि जो अमेथिस्ट पूर्वी हिरा, माणिक, पाचू, नीलम यांच्या पंक्तीला बसायचा, तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. विसाव्या शतकात तो कारखान्यातही होऊ लागला. फेब्रुवारी महिन्याचे ‘जन्मरत्न’ म्हणून आज त्याची ओळख आहे. ती प्रचलित यादीसुद्धा १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवलेली आहे. माल विकायचा तर यादी हवीच!

अर्थ कसा तयार करतात याचा एक नमुना सांगतो, आणि तो आपल्या देशाच्या नावावर खपवला गेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ‘दिल्ली पर्पल सफायर’ नावाचा एक खडा आहे. सफायर म्हणजे नीलम. पण तो नीलम नाही, अमेथिस्ट आहे. एडवर्ड हेरॉन-अ‍ॅलन नावाच्या विद्वानाकडे तो होता. त्याने १९०४ मध्ये त्याच्यासोबत एक पत्र लिहून ठेवले. त्यात लिहिले की हा खडा शापित आहे. १८५७ च्या उठावात कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटला गेला, ज्या कर्नलने आणला त्याची प्रकृती आणि पैसा दोन्ही गेले, आपण तो कालव्यात फेकला तरी तीन महिन्यांनी परत आला. शेवटी एकात एक अशा सात डब्यांत तो बंद करून ठेवला. त्याच्या मृत्यूनंतर मुलीने तो संग्रहालयाला दिला.

आता ‘दिल्ली’ म्हणावे तर गोष्ट कानपूरची. ‘नीलम’ म्हणावे तर अमेथिस्ट. आणि इंद्राचे देऊळ? तुम्ही आयुष्यात इंद्राची किती देवळे पाहिलीत? हाच गृहस्थ टोपणनावाने कथा लिहायचा. १९२१ मध्ये त्याचे एक पुस्तक निघाले, त्यातल्या कथेचे नावच ‘द पर्पल सफायर’. शापाची गोष्ट त्याने कथेला उठाव यावा म्हणूनच रचली असावी, असा जाणकारांचा संशय आहे. आणखी एक गंमत. उमर खय्यामच्या रुबायांचे फारसीवरून भाषांतर करणारा हाच. मदिरेचा कवी आणि शुद्धीचा दगड, दोन्ही एकाच घरात! या प्रकरणात एकच गोष्ट खरी असू शकते, ती म्हणजे लूट. १८५७ नंतर आपल्या देशातून काय काय गेले हे सर्वांना माहीत आहे. पण लुटीचा हिशेब मागणे अवघड. त्यापेक्षा दगडाला शापित म्हणणे सोपे. दोष माणसाचा होता, तो दगडाच्या गळ्यात घातला.

आणि आता आपला बाजार. नवरत्ने कोणती? माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या. यात अमेथिस्ट नाही. मग तो शिरला कुठून? ‘उपरत्न’ म्हणून. नीलम परवडत नाही त्याने शनीसाठी जमुनिया घालावा. चांदीत, शनिवारी, मधल्या बोटात. आणि मघाशी म्हणालो ते आठवा. हाच खडा भट्टीत तापवून पिवळा केला की ‘सुनेला’ होतो, आणि सुनेला कोणाचे उपरत्न? पुष्कराजाचे, म्हणजे गुरूचे. दगड तोच, सिलिकॉन तोच, लोखंड तेच. भट्टीत जाऊन आला आणि शनीचा होता तो गुरूचा झाला! यावर आम्ही वेगळे भाष्य करत नाही.

ताईंच्या डबीत एक छापील प्रमाणपत्रही होते. ‘नैसर्गिक अमेथिस्ट’ असे. ते खरे असेल. पण प्रमाणपत्र कशाचे आहे? दगड अमेथिस्ट आहे याचे. दारू सुटेल याचे नाही. आपण मात्र पहिले वाचतो आणि दुसरे गृहीत धरतो.

‘पण सर, अमक्याची सुटली की!’ असे कोणी म्हणेल. सुटली असेल. आपल्याकडे काकतालीय न्याय सांगतात. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. नैयायिकांनी अनुमानाला व्याप्तीची अट घातली. धूर दिसला की अग्नी आहे म्हणायचे, ते कशावरून? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, आणि जिथे अग्नी नाही, जसे तळे, तिथे धूरही नाही. दोन्ही बाजूंनी तपासायचे. खडा घालून सुटली असे किती, खडा घालूनही सुटली नाही असे किती, आणि खड्यावाचून सुटली असे किती? दुकानात फक्त पहिल्यांची गोष्ट सांगतात.

मग खूण निरर्थक का? नाही. इथेच आम्हाला थांबून बोलायचे आहे.

तुळशीची माळ पाहा. आपल्याकडे ‘तो माळकरी आहे’ एवढे म्हटले की पुरते. घरी आलेल्या माळकऱ्याला कोणी दारूचा आग्रह करत नाही, ताटात मटण वाढत नाही. माळेने कितीतरी घरे सावरली, हे आम्ही आमच्या गावी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तुळशीच्या लाकडात दारू सोडवण्याचे द्रव्य आहे, असे कोणी वारकरी म्हणतो का? नाही. माळ ‘घालून घ्यायची’ असते. कोणाकडून तरी, चार माणसांच्या देखत, आपण होऊन. आधी संकल्प, मग माळ. आणि पुढे वारी आहे, भजन आहे, सांभाळून घेणारी माणसे आहेत. माळ ही या सगळ्याची खूण. अनेक देशांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटांत इतके दिवस, इतके महिने न पिता काढले म्हणून एक बिल्ला देतात, तोही असाच. खिशात हात गेला की बोटाला लागतो, आणि मोजलेले दिवस आठवतात.

कारण माणसाच्या इच्छेवाचून काम करते. विस्तव अज्ञान्यालाही भाजतो. खुणेचे तसे नाही. ज्याने मनाशी काही बांधले, त्याच्यासाठीच ती बोलते. क्लिओपात्राची अंगठी काय, बिशपची काय, वारकऱ्याची माळ काय, सगळीकडे हेच. खुणेला कारण म्हणून विकले की दोन नुकसान होतात. पैसा जातो हे लहान. मोठे नुकसान असे, की आता दगड काम करील म्हणून माणूस वाट पाहत बसतो, आणि उपचाराचे महिने हातचे जातात.

ताईंच्या मुलाला आम्ही भेटलो. साधा, हुशार मुलगा आहे. अंगठी बोटात नव्हती. विचारलं तर हसला. म्हणाला, ‘‘आईला बरं वाटावं म्हणून घरात घालतो, सर. बाहेर पडलो की खिशात.’’ आम्हाला यात सगळं उत्तर मिळालं. संकल्प आईचा आणि अंगठी मुलाच्या बोटात. दुसऱ्याच्या संकल्पाची खूण आपल्या बोटात बोलत नाही.

ताई आज इथे आहेत. ताई, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. ग्रीकांनी म्हटलं होतं, हे खरं. त्यांच्यातल्याच शहाण्यांनी नाही म्हटलं होतं, हेही खरं. खड्याने दारू सुटत नाही. दारू हा आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी केंद्रे आहेत. आणि रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. अंगाला कंप सुटतो, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं. याची लाज वाटायचं कारण नाही, मधुमेहाच्या डॉक्टरकडे जाताना वाटते का?

*श्रोत्यांचे प्रश्न*

*‘‘सर, श्रद्धेने मनाला बळ मिळतं, मग खडा घातला तर बिघडलं काय?’’*

काही बिघडलं नाही, डॉक्टरकडे जाणं त्यामुळे थांबत नसेल तर. हा एवढा ‘तर’ सांभाळा. आणि बळ मिळतं ते श्रद्धा ठेवणाऱ्याला मिळतं. इथे श्रद्धा आईची आहे, बळ मुलाला हवं आहे.

*‘‘मग अंगठीचं काय करू, सर?’’* (मागच्या ओळीतून)

ताई, डबीत ठेवा. टाकून देऊ नका, दगड सुंदर आहे, लाखो वर्षं घेऊन तयार झालाय, त्याची काही चूक नाही. तुमचा मुलगा आपण होऊन उपचाराला जाईल. त्याला महिना होईल, तीन महिने होतील. त्या दिवशी त्याच्यापुढे डबी ठेवा आणि काही बोलू नका. घालायची की नाही ते त्याला ठरवू दे. त्याने घातली, तर त्या दिवसापासून ती त्याची.

आणि आम्हाला कळवा. एवढं बोलून थांबतो. नमस्कार.